दूध संघासाठी माहिती प्रणाली: आखणी, पद्धतीची निवड आणि उभारणी

तालुका पातळीवरचा एखादा दूध संघ किंवा मध्यम आकाराची खासगी डेअरी संगणक प्रणाली घ्यायचे ठरवते, तेव्हा पहिली हालचाल बहुधा दरपत्रके मागवण्याची होते. तीन-चार कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, पडद्यावर आलेख दाखवतात, संचालक मंडळ किमतीवर घासाघीस करते आणि करारावर सह्या होतात. संघाला नेमकी कोणती माहिती, कोणाला, कोणत्या वेळी हवी आहे, हा प्रश्न त्यानंतर म्हणजे पैसे गुंतल्यावर पुढे येतो. हा क्रम उलटा करणे हे आखणीचे पहिले काम आहे. दुसरे काम अधिक महत्त्वाचे असून त्याच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. संपूर्ण प्रणाली एकाच पद्धतीने उभारण्याचा आग्रह सोडून, जिथे नियम पक्के आहेत तो भाग एका पद्धतीने आणि जिथे गरजच अजून धूसर आहे तो भाग दुसऱ्या पद्धतीने उभारायला हवा. पुढील विवेचन गावपातळीवरच्या दूध संस्थांकडून दूध गोळा करून, त्यावर प्रक्रिया करून विक्री करणाऱ्या संघाला समोर ठेवून केले आहे. त्यातले तत्त्व इतर व्यवसायांनाही लागू पडते, पण तपशिलाशिवाय आखणी शिकता येत नाही, म्हणून उदाहरण एकच धरले आहे.

आधी निर्णयांची यादी

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जॉन रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये एक साधी दिशा दाखवली. व्यवसायाचे यश ज्या मोजक्या बाबींवर अवलंबून आहे त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून काढून घ्याव्यात आणि माहिती प्रणालीची आखणी त्या बाबींपासून सुरू करावी, असे त्यांचे म्हणणे होते. दूध संघाला हा विचार विशेष उपयोगी पडतो, कारण दुधाच्या धंद्यात अशा बाबी खरोखरच मोजक्या आहेत. संकलनाच्या जागी दुधाची प्रत अचूक मोजली जाते का, उत्पादकाचे दहा दिवसांचे बिल ठरलेल्या दिवशी खात्यावर जमा होते का, गावातून निघालेले फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधात उरणारे घन घटक) प्रक्रियेनंतर तेवढेच हाती लागते का, आणि मागणीपेक्षा जास्त आलेल्या दुधाचे काय करायचे हे वेळेत ठरते का, एवढ्या चार प्रश्नांत संघाच्या नफ्यातोट्याचा मोठा भाग सामावतो.

अध्यक्ष, कार्यकारी संचालक, संकलन अधिकारी, प्रयोगशाळा प्रमुख, लेखापाल आणि विक्री अधिकारी यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. एकत्र बैठकीत वरिष्ठांच्या समोर संकलन अधिकारी आपली खरी अडचण सांगेलच असे नाही. प्रत्येकाला ‘तुम्हाला कोणते रिपोर्ट हवेत’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर म्हणून सध्याच्याच तक्त्यांची यादी मिळते. त्याऐवजी, गेल्या महिन्यात कोणता निर्णय उशिरा झाला किंवा अंदाजाने घ्यावा लागला, आणि त्या वेळी कोणती माहिती हाती असती तर तो वेगळा झाला असता, हे विचारावे. यातून निघणारी यादी दोन पानांपेक्षा मोठी होऊ देऊ नये. पुढे एखाद्या सुविधेवरून वाद झाला की ती सुविधा या यादीतील कोणत्या निर्णयाला उपयोगी पडते, एवढे पाहून निकाल लावता येतो.

एका शिफ्टच्या दुधाचा माग

यादी तयार झाल्यावर संगणकतज्ज्ञाने आणि संघाच्या एका जाणत्या कर्मचाऱ्याने मिळून एका गावच्या सकाळच्या शिफ्टचे दूध शेवटपर्यंत पाहावे. हे काम कार्यालयात बसून होत नाही. उत्पादक किटली घेऊन येतो, वजन होते, नमुना काढला जातो, मिल्क अ‍ॅनालायझर फॅट आणि एसएनएफ दाखवतो किंवा जुन्या पद्धतीने लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीची) डिग्री घेतली जाते, दरतक्त्यातून दर निघतो, पावती मिळते, दूध बल्क कूलरमध्ये (थंड ठेवणाऱ्या टाकीत) जाते, टँकर येतो, चालकाच्या चलनावर आकडा लिहिला जातो, संघाच्या दारात पुन्हा वजन आणि पुन्हा तपासणी होते. या प्रत्येक ठिकाणी कोण लिहितो, कशावर लिहितो, चूक झाली तर दुरुस्त कोण करतो आणि त्या दुरुस्तीची खूण कुठे राहते, हे टिपून घ्यावे.

या मागातून अशा गोष्टी कळतात ज्या कोणत्याही बैठकीत पुढे येत नाहीत. उदाहरणार्थ, गावात दुधाची नोंद लिटरमध्ये होते आणि संघाच्या वजनकाट्यावर टँकर किलोमध्ये मोजला जातो. एक लिटर दुधाचे वजन साधारण १.०३ किलो असते, म्हणजे १०,००० लिटर दूध काट्यावर सुमारे १०,३०० किलो भरते. कोणत्या नोंदीत कोणते एकक आहे हे प्रणालीत स्पष्ट नसेल, तर या ३०० च्या फरकाआड खरी तूट सहज लपते. एसएनएफचेही तसेच आहे. डिग्री आणि फॅट यांवरून एसएनएफ काढण्याच्या सूत्रातील स्थिरांक सगळीकडे एकसारखा वापरला जात नाही. गावच्या संस्थेने एक आणि संघाने दुसरा वापरला, तर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या दोन्ही बाजू एकमेकांवर संशय घेऊ लागतात. एकक, सूत्र आणि दशांश स्थळे यांचा निर्णय कागदावर लिहून त्यावर प्रयोगशाळा प्रमुख आणि लेखापाल या दोघांची सही घ्यावी.

माग काढून झाल्यावर एक तक्ता करावा. आयबीएम कंपनीने १९७० च्या दशकात पुढे आणलेल्या ‘बिझनेस सिस्टिम्स प्लॅनिंग’ या पद्धतीतील हा भाग आजही कामाचा आहे. उभ्या ओळीत कामे लिहावीत, जसे की संकलन, तपासणी, वाहतूक, प्रक्रिया, बिल, विक्री; आडव्या ओळीत माहितीचे प्रकार लिहावेत, जसे की सभासद, दूध नोंद, दर, टँकर फेरी, साठा, ग्राहक. प्रत्येक चौकटीत ते काम ती माहिती निर्माण करते की फक्त वापरते, एवढीच खूण करावी. एखादी माहिती दोन विभाग निर्माण करत असतील तर तिथे पुढचे भांडण ठरलेले आहे. सभासदाचा बँक खाते क्रमांक संकलन विभागही लिहितो आणि लेखा विभागही लिहितो, अशी स्थिती असेल, तर त्यापैकी एकालाच तो अधिकार द्यावा. या पद्धतीचा संपूर्ण अभ्यास मोठ्या कंपन्यांत अनेक महिने चाले आणि पुष्कळदा त्याचे जाडजूड अहवालच उरत. मध्यम संघाने हा तक्ता एका आठवड्यात पुरा करून पुढे जावे.

कोणता भाग कोणत्या पद्धतीने

प्रणाली उभारण्याच्या प्रचलित पद्धतींतील सर्वांत जुनी म्हणजे टप्प्याटप्प्याची, जिला वॉटरफॉल म्हणतात. गरजा पूर्ण लिहायच्या, मग रचना, मग प्रोग्रॅम, मग चाचणी, असा तिचा क्रम आहे. विन्स्टन रॉयस यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या निबंधातून ती पसरली असे मानले जाते. मात्र त्याच निबंधात त्यांनी हा सरळ क्रम एकदाच करून थांबणे धोक्याचे आहे असे स्पष्ट म्हटले होते, आणि ते वाचणाऱ्यांनी सोडून दिले. बॅरी बोहम यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सर्पिल पद्धतीत ज्या गोष्टीत सर्वांत जास्त धोका आहे ती आधी करून पाहायची असते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात जमलेल्या सतरा जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला, आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत वापरण्याजोगे काहीतरी हाती देत जाण्याचा विचार रूढ झाला. याशिवाय तयार पॅकेज विकत घेणे, प्रणालीचा कच्चा नमुना (प्रोटोटाइप) करून पाहणे आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःच एक्सेलवर काम उभे करणे हेही मार्ग आहेत. यांतील श्रेष्ठ कोणता हा प्रश्न निरर्थक आहे; दूध संघात यांतील जवळजवळ सर्वांना जागा आहे.

उत्पादकाचे बिल घेऊ. फॅट आणि एसएनएफवरून दर, प्रत्येक पॉइंटला (०.१ टक्क्याला) वाढ किंवा कपात, पशुखाद्याचे आणि उचलीचे हप्ते, संस्थेचे कमिशन, दिवाळीला द्यायचा दर फरक हे सगळे नियम आज संघाकडे आहेत, ते लेखी मांडता येतात आणि त्यांत चूक चालत नाही. या भागासाठी टप्प्याटप्प्याची पद्धतच योग्य आहे. नियम शब्दांत लिहावेत, प्रत्येक नियमाखाली हाताने सोडवलेली पाच-सात उदाहरणे द्यावीत आणि त्यांवर सही झाल्याशिवाय प्रोग्रॅम लिहू देऊ नये. उदाहरणांत अवघड प्रसंग मुद्दाम घ्यावेत: एका शिफ्टला दुधाचा नमुना नापास झालेला सभासद, गाय आणि म्हैस दोन्हींचे दूध घालणारा सभासद, आणि ज्याची कपात बिलापेक्षा जास्त झाली आहे असा सभासद. ३.४७ फॅट ३.४ धरायचे की ३.५, हेही इथेच ठरवावे. एका पॉइंटला लिटरमागे ३० पैसे फरक पडतो असे धरले आणि संकलन दिवसाला २०,००० लिटर असेल, तर सगळे दूध एका पॉइंटने इकडेतिकडे झाल्यास रोज ६,००० रुपये आणि दहा दिवसांच्या बिलात ६०,००० रुपये चुकीच्या बाजूला जातात. हे पैसे बहुतेक वेळा शेतकऱ्याचे असतात, म्हणून हा तपशील प्रोग्रॅमरच्या मर्जीवर सोडणे मला अत्यंत अयोग्य वाटते.

संकलन अधिकाऱ्याला हवे असलेले विश्लेषण याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. कोणत्या मार्गावर तूट वाढते आहे, कोणत्या गावचे फॅट अचानक घसरले, कोणते सभासद दुसऱ्या डेअरीकडे वळले, हे त्याला हवे असते. पण ते कोणत्या रूपात हवे हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. इथे लेखी गरजांचा आग्रह धरला तर महिना जातो आणि निरुपयोगी तक्ता मिळतो. गेल्या तीन महिन्यांची खरी आकडेवारी घेऊन दोन दिवसांत एक कच्चा नमुना करावा, अधिकाऱ्याला तो एक आठवडा वापरू द्यावा आणि त्याच्या सूचनांवरून बदलत जावे. नमुन्याचा एक धोका मात्र सांभाळावा. तो दिसायला पुरा वाटतो, म्हणून व्यवस्थापन तोच कायमचा वापरायला घेते, आणि आतमध्ये तपासण्या, पासवर्ड, बॅकअप काहीच नसते. नमुना केव्हा टाकून द्यायचा हे त्याला हात लावण्यापूर्वीच ठरलेले असावे.

जमाखर्च, जीएसटी, पगारपत्रक यांसाठी नवे काही लिहून घेऊ नये. ही कामे सर्वत्र सारखी आहेत, कायद्याबरोबर बदलतात आणि तयार पॅकेज बनवणाऱ्यांना तो बदल आपल्या सगळ्या ग्राहकांसाठी करावाच लागतो. दूध संकलनासाठीही बाजारात तयार प्रणाली आहेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने एएमसीएस या नावाची स्वयंचलित संकलन प्रणाली विकसित केली आहे. आपल्या नियमांची उदाहरणे त्या प्रणालीत आधी घालून पाहावीत. दहापैकी आठ जुळत असतील तर उरलेल्या दोन नियमांची खरोखर गरज आहे का, असा प्रश्न संचालक मंडळापुढे ठेवावा. पॅकेज वाकवण्यापेक्षा कित्येकदा नियम सोपा करणे स्वस्त पडते, आणि सभासदालाही तो जास्त समजतो.

वितरकांची मागणी मोबाइलवर घेण्याचे काम छोट्या फेऱ्यांत करावे. एका शहरातील पाच-सहा वितरकांपासून सुरुवात करून दर पंधरा दिवसांनी एक सुधारणा द्यावी. पहिल्या फेरीत फक्त दुधाच्या पिशव्यांची मागणी असावी. दही, तूप, परतीचे क्रेट आणि येणे बाकी हे नंतर जोडता येते.

सर्पिल पद्धतीचा उपयोग धोका शोधण्यासाठी होतो. दूध संघाच्या प्रणालीत सर्वांत मोठा धोका बहुधा प्रोग्रॅममध्ये नसून डोंगरकपारीच्या गावात असतो, जिथे पहाटे वीज जाते आणि मोबाइलची रेंज मिळत नाही. म्हणून इतर काही बनवण्यापूर्वी संघाच्या सर्वांत अडचणीच्या गावात वजनकाटा, अ‍ॅनालायझर आणि नोंद घेणारे यंत्र यांची जोडणी दोन आठवडे चालवून पाहावी. इंटरनेट नसताना नोंद यंत्रात साठते का आणि रेंज आल्यावर ती एकदाच वर जाते की दोनदा, हे तिथे कळते. प्रयोगासाठी कार्यालयाजवळचे सोयीचे गाव निवडले तर यातले काहीच कळत नाही.

एक्सेलबद्दल तज्ज्ञ मंडळी नाके मुरडतात, तरी ते बंद करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. नियम एवढाच करावा की एक्सेलमध्ये विश्लेषण करता येईल, पण तिथे केलेल्या आकड्यावरून कोणालाही पैसे दिले जाणार नाहीत.

सभासदांची यादी शुद्ध करणे

या कामाला अंदाजपत्रकात जागा नसते आणि वेळ मात्र याच कामात सर्वाधिक जातो. गावोगावच्या दप्तरांत एकाच घरातील दोन भावांचे दूध एका क्रमांकावर असते, वडील वारले तरी कार्ड त्यांच्याच नावावर चालू असते, आणि बँक खाते तिसऱ्याच कोणाचे असते. रोखीने दुधाचे पैसे वाटताना हे सगळे निभावून जात होते.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले तेव्हा या ढिलाईची किंमत समोर आली. अनुदान थेट उत्पादकाच्या खात्यावर जायचे होते, त्यासाठी खाते आधारशी जोडलेले असणे आणि जनावराच्या कानातील बिल्ल्याची नोंद असणे आवश्यक होते. ज्या संस्थेच्या नोंदीत दूध घालणारा, खातेदार आणि जनावराचा मालक या तीन गोष्टी वेगवेगळ्या आणि तरीही परस्परांशी जोडलेल्या ठेवण्याची सोय नव्हती, तिथे ती माहिती नव्याने गोळा करण्यावाचून मार्ग नव्हता. यावरून रचनेचा एक नियम घ्यावा: सभासद, बँक खाते आणि जनावर यांना एकाच ओळीत कोंबू नये. एका सभासदाची अनेक जनावरे असतात, खाते बदलते, आणि जुन्या बिलावर जुनेच खाते दिसले पाहिजे.

शुद्धीकरणाचे काम गावच्या सचिवाकडे द्यावे आणि त्याला त्याचा वेगळा मोबदला द्यावा, कारण कोणता क्रमांक कोणत्या घराचा हे त्यालाच ठाऊक असते. तयार झालेली यादी संस्थेत लावून सभासदांकडून तपासून घ्यावी, पण आधार क्रमांक आणि पूर्ण खाते क्रमांक त्या यादीत छापू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी संघावर येते, आणि कायदा नसता तरी ती आलीच असती.

करारात काय असावे

मोजक्या बाबींवर तडजोड करू नये. सर्व नोंदी संघाच्या मालकीच्या असतील आणि मागताक्षणी वाचता येण्याजोग्या स्वरूपात मिळतील; दरतक्ता, कपातीचे नियम आणि कराचे दर संघाचा कर्मचारी स्वतः बदलू शकेल; पैसे टप्प्यांनुसार दिले जातील आणि शेवटचा मोठा हप्ता समांतर चाचणी (जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवून पाहणे) जुळल्यानंतरच मिळेल; कंपनी बंद पडल्यास मूळ प्रोग्रॅम संघाला उपलब्ध होईल. दुरुस्तीसाठी किती तासांत माणूस मिळेल हे लिहिताना पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळच्या संकलनाची वेळ स्पष्ट नमूद करावी, कारण शहरातील कंपनीचे कामाचे तास दूध संकलनाच्या तासांशी जुळत नाहीत.

चाचणी आणि सुरुवातीची वेळ

जुनी आणि नवी पद्धत किमान तीन बिलांपर्यंत, म्हणजे महिनाभर, शेजारी शेजारी चालवावी. एकूण रकमा जुळल्या म्हणजे झाले असे मानू नये. एका सभासदाचे वाढलेले आणि दुसऱ्याचे घटलेले पैसे बेरजेत एकमेकांना झाकतात. प्रत्येक सभासदाचे बिल स्वतंत्रपणे ताडून पाहावे आणि फरकाचे कारण लिहून ठेवावे. कित्येकदा नवी प्रणाली बरोबर आणि जुनी पद्धत वर्षानुवर्षे चुकत होती, असेही आढळते. तेव्हा ते सभासदांना मोकळेपणाने सांगावे.

सुरुवात केव्हा करायची हा तांत्रिक प्रश्न समजला जातो, पण तो धंद्याचा प्रश्न आहे. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये, हॅलोविनच्या मोठ्या मागणीच्या तोंडावर, ऑर्डर आणि वितरणाची नवी प्रणाली एकदम सुरू केली. माल असूनही तो दुकानांपर्यंत वेळेत पोहोचवता आला नाही आणि त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. आपल्याकडे हिवाळ्याच्या पुष्टकाळात दुधाची आवक चढलेली असते आणि दिवाळीपूर्वी दर फरकाचा हिशेब असतो. हे दोन्ही काळ टाळून आवक कमी असलेल्या उन्हाळ्यात एका मार्गावरच्या गावांपासून सुरुवात करावी, आणि तो मार्ग दोन बिले सुरळीत चालल्यावर पुढचा घ्यावा.

माघारी येण्याची वाटही आधीच आखलेली असावी. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याची नवी संगणक प्रणाली संपूर्ण शहरात एकाच वेळी लागू केली. गाड्यांची स्थाने चुकू लागली, कॉल साचत गेले, दुसऱ्याच दिवशी काही काम पुन्हा हाताने करावे लागले आणि ४ नोव्हेंबरला प्रणाली पूर्ण कोलमडल्यावर सेवा कागदावर परतली. दूध संस्थेत कोरी पावती पुस्तके, छापील दरतक्ता आणि चालू स्थितीतला लॅक्टोमीटर कायम ठेवावा, आणि महिन्यातून एक शिफ्ट मुद्दाम त्यांवर चालवावी, म्हणजे नव्या कर्मचाऱ्यालाही ते काम येते.

सुरू झाल्यानंतर

प्रणालीची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्याकडे द्यावी आणि तो संगणक विभागाचा नसून संकलन किंवा लेखा विभागाचा असावा, कारण कोणता बदल आधी करायचा हे धंदा जाणणाऱ्यानेच ठरवायचे असते. आलेली प्रत्येक सूचना एका वहीत तारखेसह लिहून, दर महिन्याला त्यातील कोणत्या घ्यायच्या हे सुरुवातीच्या निर्णयांच्या यादीशी ताडून ठरवावे.

प्रत्येक दर आणि नियम ‘कधीपासून लागू’ या तारखेसह साठवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी आणि चीज यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्या प्रणालीत कराचा दर प्रोग्रॅममध्येच लिहिलेला असतो, तिथे असा बदल झाला की रातोरात प्रोग्रॅमर शोधावा लागतो. ज्या प्रणालीत जुना दर पुसून नवा लिहिला जातो, तिथे २१ तारखेच्या बिलाची पुन्हा प्रत काढली तर ती चुकीची निघते. तारखेसह दुसरी ओळ जोडण्याची सोय असेल, तर लेखापाल हा बदल आदल्या संध्याकाळीच करून ठेवू शकतो. दूध खरेदीचा दर वर्षातून अनेकदा बदलत असल्याने, ही सोय आहे की नाही हे प्रात्यक्षिकाच्या वेळीच, मागील तारखेचे बिल पुन्हा काढायला सांगून, तपासून घ्यावे.